शून्य एकशे पंच्याहत्तर

वेंगुर्ल्याच्या बंदर रोडवर
खारा वारा स्क्रूपासून सुरुवात करतो.
आधी कॅबिनेटचे, मग पंख्याचे,
मग प्रिंटरच्या वायरची पिन हिरवी पडते.
दर अमावास्येला काडीला कापूस गुंडाळून
स्पिरिटने पुसत आले मी, सतरा वर्षं.

तेव्हा चोरीची सीडी शंभरात मिळायची,
सावंतवाडीच्या स्टँडमागे, कोऱ्या पाकिटात.
मी भिशी उचलली, एसटीने कोल्हापूरला गेले,
खरी विंडोज आणली, चकचकीत शिक्क्याची.
तिची पंचवीस अक्षरांची किल्ली
अजून पाठ आहे.
नवऱ्याचा मोबाइल नंबर नाही.

मग कंपनीने कळवलं, यापुढे आधार नाही.
मला असं नाही, सगळ्यांनाच.
तरी मी पुढची वर्षं काढली,
गेलेल्याचं पान वाढावं तसं
रोज सकाळी बटण दाबत.

मार्चात हार्डडिस्क कण्हायला लागली.
भाची शाल्मली रत्नागिरीहून
पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन आली.
'मावशी, फुकट आहे.'
फुकट म्हटलं की माझा हात आखडतो.
फुकट दिलेला बांगडा कालचा असतो.

चाळीस मिनिटं लागली.
जुन्या फायली तिने आधीच उतरवून ठेवलेल्या,
पण उघडल्या तर
लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, बाराव्याची कार्डं,
सगळीकडे डॉलर, पाउंड
आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं.
चिंतामण केळुसकरांचं दुःखद निधन
एक टक्का आणि तीन कंस.
शाल्मली हसली. मीही हसले.
मग बाहेर येऊन उभी राहिले.

समोर इनास जाळं शिवत बसलेला.
सगळं ऐकून म्हणाला,
'होडयेक इंजीन बशयला,
पण बापाशीन शीड फाडल्यान नाय.
माळयार ठेवल्यान.'
मगे?
'मगे काय, उंदरांनी खाल्ल्यानी.'

आत आले. पहिलं काम नारिंग्रेकरांच्या मुंजीचं.
वर मधोमध श्री.
बोटं आपसूक गेली:
ऑल्ट दाबून शून्य एकशे पंच्याहत्तर.
पडदा ढिम्म.
'तसं नाही गं. श लिही, त्याचा पाय मोड,
मग र, मग दीर्घ वेलांटी.'

पाय मोड म्हणे.
सतरा वर्षं मी अख्खा श्री उचलून
कागदाच्या डोक्यावर ठेवत आले,
तो आतून कुठे कुठे जोडलाय
कधी पाहिलंच नव्हतं.
चार कळा. उमटला.
थोडा बारीक, थोडा
पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर.

संध्याकाळी नारिंग्रेकर आले.
चष्मा वर करून कार्ड दूर धरलं,
म्हणाले, सगळं बरं आहे हो,
पण श्री जरा जाड हवा होता,
थोरल्याच्या मुंजीला होता तसा.

बघते, म्हटलं.
डावा अंगठा अजून
ऑल्टवरच होता.