नाव न घेता

नाव मी घेतलं नव्हतं.
हे आधी सांगते, कारण त्या दिवशीही
मी स्वतःला हेच आधी सांगितलं.

थिएटरमागच्या खोलीत आम्ही डबे उघडतो,
पाय खुर्चीवर घेतो आणि बोलतो.
हातावरचं साबणानं जातं,
बाकीचं असं बोलूनच थोडं जातं.
"सात नंबर" म्हणतो, "कालची थायरॉइड", "ती घाबरट".
शेंगाचटणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाते,
गोष्ट मात्र तिथंच राहते,
रेग्युलेटर नसलेल्या त्या पंख्याखाली.

मी एक गोष्ट बाहेर नेली.
अक्कलकोट रोडचा हॉल, नणंदेच्या नातीचं बारसं,
हातात मठ्ठ्याचा ग्लास, आणि सगळ्याजणी माझ्याकडं तोंड करून.
सिस्टरकडं गमती असतात असं लोकांना वाटतं.
म्हटलं, एक बाई भुलीतून बाहेर येत होती.
डोळे मिटलेले, पण बोटं चादरीवर चाललेली,
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
आणि तोंडानं मोजणं तेलुगूत, ओकटी, रेंडु, मूडु,
चोवीसपर्यंत नीट यायची
आणि पंचविसावी विडी काही सापडायची नाही.
पुन्हा पहिल्यापासून.
डॉक्टर म्हणाले, हिचा कट्टा पुरा होऊ द्या, मग वॉर्डात न्या.

हसल्या सगळ्या. मीही.
एक हसली नाही.
"डाव्या हातानं वळत होती का ओ?" तिनं विचारलं.
मी हो म्हटलं. का म्हटलं.
"म्हणजे आमच्या मागच्या ओळीतली.
काय काढलं ओ तिचं?"
मी म्हटलं, मला काय माहीत,
आणि ज्या घाईनं म्हटलं
त्या घाईनंच तिला सगळं कळलं.

दहाव्या दिवशी ती टाके काढायला आली.
एप्रिल होता, छत्री मिटून दाराशी उभी केली.
म्हणाली, कारखान्यात बाया जागा देतात आता,
टोपलं उचलू देत नाहीत,
नको तितकं गोड बोलतात.
सासूनं तर दोन दिवस काही विचारलंच नाही,
तेव्हाच मी ओळखलं.
मी कात्री उकळत्या पाण्यातून काढली.
पहिला टाका. दुसरा.
तिसऱ्याला ती छताकडं बघत म्हणाली,
"सिस्टर, मी भुलीत मोजत होते म्हणं.
बरोबर मोजत होते का?"

चौथा टाका मला दिसेना.

शिक्षा झाली नाही. तक्रारच झाली नाही.
नाव कुठं घेतलं होतं मी?
मॅट्रननी मागं एकदा कागदावर सही घेतली होती सगळ्यांची,
त्यात नाव, पत्ता, रिपोर्ट, फोटो सगळं होतं,
बोटं नव्हती.

हल्ली घरी गेले की नवरा विचारतो, काय झालं आज?
मी म्हणते, ऊन.
तो म्हणतो, ते आम्हालाही झालं.
डब्याच्या खोलीत अजून बोलते, तिथं बोलावंच लागतं,
नाहीतर रात्री दोनला उठून
स्वयंपाकघरात उभी राहते नुसती.
पण दाराला कडी घालून.

आता ही कविता.
हिच्यात विड्या आहेत, तशा नव्हत्या.
तिच्या हातात दुसरं काही होतं,
या गावात ते हजार बाया करतात, किंवा ती एकटीच करते,
ते मी सांगणार नाही.
हात डावा नव्हता. भाषा ती नव्हती.
बारसंही नव्हतं, आणि महिना मी मुद्दाम फिरवलाय.
तिला वाचून दाखवली, ओट्यावर बसून.
प्रश्न तेवढा तसाच ठेवलाय, चालेल का विचारलं.
ती बराच वेळ हातातलं काम करत राहिली.
मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे की.
ते मी शुद्धीवर असताना बोलले होते."