पिवळा टॅग

शिरोलीच्या फाउंड्रीत माझं काम
वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडावर
विश्वास न ठेवण्याचं.
जेल लावायचं, प्रोब फिरवायचा,
स्क्रीनवरची रेघ भलत्या जागी उचलली
की समजायचं, आत पोकळी आहे.
हिरवा टॅग. लाल टॅग.
आणि एक पिवळा, जो कुणालाच आवडत नाही.

मार्चमध्ये कावळा नाक्यावर स्कूटर घसरली.
टेंगूळ पंधरवड्यात जिरलं, डोकं दुखत राहिलं,
म्हणून एमआरआय.
मग दुखणंही आपसूक गेलं
आणि फोटोत उरले सात पांढरे ठिपके
ज्यांचा त्या पडण्याशी संबंध नव्हता.
ते आधीपासून तिथं होते,
मी ईराच्या वह्यांना कव्हरं घालताना,
कुबेरशी गॅसच्या पुस्तकावरून भांडताना.

राजारामपुरीत डॉक्टर मगदूमबाईंनी
आधी फोटो पालथा ठेवला, मला बघितलं.
एका डोळ्यानं लाल रंग फिका दिसतो?
मान खाली घातली की पाठीतून करंट जातो?
आंघोळीच्या गरम पाण्यानं पाय जड होतात?
नाही. नाही. नाही.
टाचेला बोटं टेकवत फरशीच्या सांध्यावरून चालले.
घोट्यावर तो घुमणारा चिमटा टेकवून म्हणाल्या,
थांबला की सांगा.
जन्मात पहिल्यांदा मी घोट्यानं ऐकत होते.

मग मणक्याचा फोटो, सहा बाटल्या रक्त,
पाठीतलं पाणी.
(पाण्याचं नाव काढताच कुबेर बाहेर जाऊन बसला.)

"याला अजून आजार म्हणत नाहीत."
मग काय म्हणतात?
त्यांनी नाव सांगितलं, लांबलचक.
अर्थ एवढाच, की फोटोत आहे,
तुमच्यात नाही.
"दहा वर्षांत निम्म्या लोकांना काही ना काही होतं."
आणि बाकीच्या निम्म्यांना?
"ते मला विचारतात, उगाच का घाबरवलंत."

गोळी आहे, म्हणाल्या. लवकर दिली तर लांबतं,
असे अभ्यास आलेत, खोटे नाहीत.
पण गोळी फुकट काम करत नाही,
रक्तातून आणि लिव्हरमधून वसूल करते.
"तुमचा मणका स्वच्छ आहे. पाणी स्वच्छ आहे.
मणक्यात एक जरी असता, तर आज वेगळं बोलले असते.
मी थांबते."

थांबायचं म्हणजे करायचं काय, कुबेरनं विचारलं.
ड जीवनसत्त्व. झोप.
काही वाटलं आणि दिवसभर टिकलं, तर फोन.
ऑक्टोबरात पुन्हा फोटो, त्याच मशीनवर.
"सेंटर बदलू नका, पाचशे रुपये वाचतात म्हणून."
तेवढं मात्र मला सांगायला नको होतं.
एकाच प्रोबनं मोजलेलंच एकमेकांशी बोलतं.

आवटे सुपरवायझर रोज पिवळ्या रॅकपाशी येऊन विचारतात,
ओ चौगुले मॅडम, पाठवू का? का भट्टीत टाकू?
मी म्हणते, राहू दे.
त्यांना वाटतं, राहू दे म्हणजे काहीच नाही.
तारीख लक्षात ठेवावी लागते हो कुणीतरी.

कुबेर चिखलीचा, पुराच्या गावचा.
रात्री दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळानं बोलला,
"आमच्यात इशारा पातळीला कोण घर सोडत न्हाई.
जनावरांची दावी तेवढी सैल करून ठेवायची."
मग कूस बदलून घोरायला लागला.
मी जागी. एकेक बोट हलवून बघत.

सासूबाईंना सांगितलेलं नाही.
ईरानं फाईलवरची मेंदूची चित्रं बघितली,
म्हणाली, अक्रोड.

ऑक्टोबर.
मशीन आत ठोकत होतं,
कास्टिंग झाडताना हातोडे पडतात तसं.
काचेपलीकडे माझ्यासारखंच कुणीतरी
डबा खाऊन आलेलं, रेघा बघत होतं.

मगदूमबाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावले
आणि पेनाच्या टोकानं मोजत गेल्या, ओठ हलवत,
पोरं गोट्या मोजतात तसं.
पाचावर थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून.
सात.
तेच सात.
"आता पुढच्या ऑक्टोबरात," आणि डायरीत पेन्सिलनं तारीख.

दाराबाहेर चपला घालताना
अंगठा अंगठ्यात गेला का,
एवढं फक्त खाली न बघता तपासलं.