तीस किलो, हातातली वेगळी

हेमांगी, बॅग आधी प्रेमजी रद्दीवाल्याच्या आकड्याला लाव.
साडेएकतीस?
मग दीड किलो कुंदाताईंची माया बाहेर काढ.
लोणचं राहू दे, पिशवीवर पिशवी चढव.
पण हे अनारसे...
अगं, खसखस!
तिकडे खसखस म्हणजे सरळ गुन्हा.
कस्टमवाला अनारसा ओळखत नाही, दाणा ओळखतो.
आई रुसेल. रुसू दे.
माझगावात रुसलेली आई चालेल,
मस्कतच्या विमानतळावर बाकड्यावर बसवून ठेवलेली मुलगी नको.

खोकल्याच्या औषधाचंही तेच.
डॉक्टरांची चिठ्ठी घे, शिक्क्यासकट.

तिथला बैसा म्हणजे आपलाच पैसा,
खाऱ्या पाण्यात राहून जरा सुजलेला.
हजार बैशांचा एक रियाल.
गुणाकार करत बसू नकोस.
पहिला महिनाभर मी चहा रुपयांत प्यायलो,
साखर घालूनही कडू लागायचा.

टॅक्सीत मागे बस.
रमजानमध्ये रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावू नकोस,
प्रयोगशाळेचा दरवाजा लाव, मग पी.
बायकांचे फोटो नाहीत. पोलीस चौकीचे तर नाहीतच.
'इन्शाअल्ला' म्हणाले की
कोण म्हणालं, कसं म्हणालं ते ऐक.
कधी ते उद्या असतं, कधी नुसतंच आभाळ.

घरी बोलावलं तर चपला बाहेर,
हे माझगावच्या पोरीला काय सांगायचं?
पण तू डावखुरी.
खजूर उजव्या हाताने उचल, आजपासून सवय कर.
तळवे कुणाच्या दिशेने नकोत.
आणि कुठल्याही वस्तूला तोंडावर छान म्हणू नकोस.
मी एकदा लोबानाचं भांडं छान म्हणालो,
निघताना ते कागदात गुंडाळून माझ्या हातात.
अजून आहे आमच्या फ्रीजवर.
नफिसा त्यात चिल्लर टाकते.

आता मुख्य.
कहव्याचा कप एवढासा, बिनकानाचा.
रिकामा करून पुढे धरलास की परत भरणार.
'नको' म्हणायचं नसतं.
कप असा,
मनगटातून, दोनदा हलवायचा.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या रात्री अकरा कप प्यायलो, भिडेपोटी,
आणि पहाटेपर्यंत छताचा पंखा मोजत पडलो.
पाती तीनच होती.

आईला फोन तिच्या अकराच्या आत,
म्हणजे तुझ्या साडेनऊच्या.
दीड तास मागे राहशील तू.
फार नाही.
पण वाढदिवसाच्या रात्री कळतं.

एकोणीस वर्षांनी परत आलो,
नफिसा चहा ओतत होती,
माझा हात आपोआप हलला.
ती म्हणाली, 'काय झालं? माशी पडली?'

बघ, बरोब्बर तीस.
चेन लाव. कुलपाची किल्ली गळ्यात.
ते अनारसे इथे ठेव, माझ्यासमोर.
कुंदाताई, डबा झाकू नका.
मी काही अजून
कप हलवलेला नाही.