कडेची शाई

एर्मेलिंदाला मी कधी पाहिलं नाही.
कोइम्ब्राच्या तळघरात माझ्याकडे आला
तिचा मुठीत मावेल एवढा तुकडा,
त्याला दोन दोरे शिवलेले.
लांब दोरा म्हणजे बाहेरची बाजू, आखूड म्हणजे वरची.

आधी रंगवायचं.
वर निळी शाई, खाली हिरवी, मागे काळी,
म्हणजे काप केल्यावरही कळावं
सुरी कुठे थांबली
आणि बाई कुठून पुढे चालू आहे.

मग पावासारखे काप.
गाठ लपत नाही;
कच्च्या नासपतीसारखी करकरते.
एक पूर्णांक चार सेंटिमीटर.
अंघोळीत तिच्या बोटांना लागली ती एवढीच.

गाठ म्हणजे अख्खी वस्ती नव्हे,
वस्तीतलं फक्त दिवा लागलेलं घर.

सर्जन विल्येना फोनवर सांगत होती:
मी तिला कागदावर नळ्या काढून दाखवल्या,
बोंडाशी जमणाऱ्या पंधरा-अठरा,
प्रत्येकीला आपापल्या फांद्या,
तर हिनं पेन्सिलच घेतली हातातून.
आवेइरोच्या मिठागरात जन्म गेलेली बाई.
म्हणाली, हे तर आमचे पाट.
पाणी बांध फोडायच्या आधी पाटानं जातं, डॉक्टर.
एका वाफ्यात गढूळ दिसलं
की त्या पाटावरचे सगळे वाफे बघायचे.
मधला एखादा स्वच्छ असतो.
त्याला भुलायचं नाही.

नवव्या काचेवर तसंच होतं.
गाठीपासून दोन सेंटिमीटर लांब, बोंडाच्या दिशेला,
एक बारीक नळी. भिंत शाबूत,
आत दाटीवाटीनं उभ्या पेशी.
मग काही नाही. नुसती चरबी, पिवळी, निरागस.
मग पुन्हा तीच नळी, तशीच दाटी,
आणि पेशींना चिकटून
निळी शाई.

विल्येना विचारते, अजून किती आत असेल?
कापून आलेलं मला दिसतं, बाई.
उरलेलं माझ्या काचेवर नाही.

पुन्हा उघडायचं, त्याच पाटाच्या रोखानं,
आणि मागून किरणं, न दिसलेल्यासाठी.
नाहीतर सगळा स्तनच.
एर्मेलिंदानं म्हणे एकच विचारलं:
किरणांच्या पंधरा फेऱ्या जूनआधी संपतील का?
जूनमध्ये मीठ धरायला लागतं.

तीन आठवड्यांनी दुसरा तुकडा आला,
आंब्याच्या फोडीएवढा, पातळ.
एक नळी भरलेली.
पुढे चार मिलिमीटर काही नाही.
मी थांबले. मधला स्वच्छ वाफा आठवला.
अजून काप काढले, अजून, रात्री आठपर्यंत;
मदतनीस दुआर्तेनं कोट चढवला, उतरवला, परत चढवला.

मग लिहिलं: कडा मोकळ्या.
दोनच शब्द, खाली सही.

शेजारचे पाट मी पाहिलेले नाहीत.
ते तिच्यापाशी आहेत.