कस

गुवाहाटीची गलाईची भट्टी विकून
दत्तोबा विट्याला परतले, तेव्हा ट्रंकेत
आसामी पेपरात गुंडाळलेल्या
मूठभर भूत जोलोकिया.

तीस वर्षं तेजाबाचा धूर.
सोनं चोख होत गेलं,
आधी नाक गेलं, मागनं जीभ.
आता आमटी काय, बासुंदी काय,
सगळं कोमट पाणी.

मालनकाकी हाताला दुधाच्या पिशव्या बांधते,
परसात चूल मांडते.
मिरची, लसूण, व्हिनेगर, गुळाचा खडा.
कढ आला की गल्ली खोकते,
सलूनमधलं गिऱ्हाईक
अर्ध्या दाढीनं बाहेर पळतं.
"अगं, नवऱ्याला मारतीस का?"
पदर नाकाला लावून ती ढवळत राहते.

बाटली खोकल्याच्या औषधाची, उकळून वाळवलेली.
झाकणभर सॉस, भाकरीच्या तुकड्यावर.
आम्ही दारात, ताकाचा तांब्या घेऊन.

ते चावतात.
थांबतात,
कसोटीवर रेघ ओढून बघत थांबायचे तसे.
मग कान लाल, मान लाल,
डोळ्यांतून धार.
ताक नको म्हणून हात हलवतात.

"मीठ कमी हाय."

मीठ काकी विसरली होती,
की मुद्दामच घातलं नव्हतं,
ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.