पुरावा जोडावा

मार्च सरत आला की विभागप्रमुख तक्ता पाठवतात.
नाव, यश, तारीख, पातळी –
स्थानिक, राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय –
आणि शेवटच्या रकान्यात: पुरावा जोडावा.
मी इथली सर्वांत नवी, कंत्राटी, अकरा महिन्यांची.
म्हणून इंग्रजी विभागाचं यश मोजायचं काम माझं.

आधी सोपं.
नेट सात, सेट अकरा.
हर्षाली वायदंडे दोन्हींत,
तिचं नाव दोनदा लिहिलं, दोनदा लिहायला बरं वाटलं.
डॉ. मिस्त्रींचं पुस्तक, पानं तीनशे बारा,
अर्पण केलंय खडकीच्या दवाखान्यातल्या एका नर्सला,
जिच्याबद्दल विभागात कुणी काही विचारत नाही.

तबस्सुम आतारनं कोल्हापुरात वादविवाद जिंकला, इंग्रजीतून.
करंडक मांडीवर घेऊन रात्रभर एसटीत बसून आली.
पहाटे साडेचारला स्वारगेटवर दुसरी फेरी,
रिक्षावाल्याशी, मराठीतून.
ती हरली. दीडपट दिले.
(हे तक्त्यात नाही.)

इनामदार सरांना व्हिसा नाकारला,
निबंध त्यांनी इथूनच वाचला, रात्री दोनला,
कारण तिकडे तेव्हा दुपार होती
आणि घरचं इंटरनेट रुसलेलं.
विभागाचं कुलूप थिटे वॉचमननं उघडलं,
थर्मास ठेवला, मागच्या बाकावर बसून राहिला.
निबंध संपला. पडद्यावरच्या टाळ्या
दोन सेकंद उशिरा पोचल्या.
थिटेच्या आधी पोचल्या होत्या.
मग त्यानं विचारलं, "सर, पास झालात ना?"
पातळी: आंतरराष्ट्रीय.
पुरावा: छायाचित्र एक,
उजव्या कोपऱ्यात अर्धी माकडटोपी.

आता दिलवर पावरा. धडगावचा. एम.ए. दुसरं वर्ष.
सबंध वर्षभर त्याच्या निबंधांत एकही 'द' नव्हता.
कारखानीस मॅडमनी विचारलं, तर म्हणाला,
आमच्या भाषेत नसतो तो, मॅडम.
डोंगर म्हणजे डोंगर.
कुठला, ते बोट करून दाखवतो.
मॅडमनी लाल पेनाचं टोपण लावलं.
पुढचे तीन निबंध त्यांनी पेन्सिलीनं तपासले.
चौथ्यात एकच 'द' आला,
पान पाच, तळाशी, नदीच्या आधी.
मॅडमनी त्याभोवती बारीक गोल केला,
शेरा नाही, गुण नाहीत.
तो कागद घेऊन दिलवर मला कँटीनमध्ये शोधत आला:
"हा मी मुद्दाम घातलाय.
ही एकच नदी आहे. बाकीच्या नुसत्या नद्या."

मी ओळ लिहिली.
यश: एक उपपद, योग्य जागी.
पातळी कुठली लिहावी कळेना, मग चारही लिहिल्या.
पुरावा म्हणून पान पाचची झेरॉक्स,
औंध रोडच्या दुकानातून, दोन रुपये, पावती नाही.

तक्ता परत आला.
क्रमांक एकोणीस, मार्गदर्शकांची सही नाही.
तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या,
हार, शाल, ग्रुप फोटो, सगळं उरकून.
मी बोपोडीला गेले. त्यांनी कुंडीतली माती
हाताची झटकली, ओळ वाचली,
पुन्हा वाचली, म्हणाल्या, "चारही? बरं."
आणि सही केली. पेन्सिलीनं.
घरात पेनं उरली नव्हती म्हणे.
मला वाटतं, होती.

पेन्सिलची सही चालत नाही.
हे मला ठाऊक होतं, मी म्हटलं, चालवून घेतील.
नाही घेतली.
एकोणीसवर आता निळ्या शाईची फुली आहे.
कागद खिडकीशी थोडा तिरका धरला
तर फुलीखाली ग्रॅफाइट चमकतं,
क अजून वाचता येतो.