कॉट बेसिस

खडकी बाजारात, टायरच्या दुकानावर
माझा इंग्रजीचा क्लास. मंगळवार-शुक्रवार, साडेसात.
शेवटच्या बाकावर सुलाबाई काळोखे,
फॅक्टरीच्या कँटीनमधून थेट आलेल्या,
बोटांना अजून कांद्याचा वास.

आजचा धडा प्राण्यांचा.
मी म्हटलं, मॉंगूस.
त्या म्हणाल्या, मुंगूस.
मी म्हटलं, नाही, इंग्रजीत सांगा.
त्या म्हणाल्या, सांगितलं की.

मग कबूल करावंच लागलं :
शब्द आपलाच. कधीतरी इकडच्या बांधावरून
शिरला कुणा गोऱ्याच्या कागदात,
तिथे त्याच्या शेपटीला चिकटला गूस,
म्हणजे बदकाचा थोरला भाऊ.
पण म्हणून अनेकवचनात गीस करायचं नाही हं,
चूक धरतात.
"आपल्यात मुंगसं," बाई म्हणाल्या. "सोपं."

मी फळ्यावर लिहीत गेले. बंगला. लूट.
लूट म्हणताच खिडकीजवळचा फैयाज :
"मॅडम, हा तरी विचारून नेला होता का?"

खाटेचं मात्र जरा सावकाश सांगितलं.
सुंभाची, ढेकणांची, अंगणातली खाट
बोटीत बसून गेली
आणि लोखंडी पाय लावून, कॉट होऊन आली.
आता सदाशिव पेठेत जिन्याखाली पाटी असते :
फक्त मुलांसाठी. कॉट बेसिसवर.
आपलीच खाट, महिना साडेचार हजार,
डिपॉझिट वेगळं,
पाहुणे चालणार नाहीत.

काळोखेबाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "उसनं नेलेल्याची वाटी
रिकामी परत धाडू नये म्हणतात.
त्यांनी धाडलं का काही?"

खाली पंक्चर काढणं चाललं होतं.
व्हॉल्व्ह दे, ट्यूब फुगव, सोल्यूशन कुठंय,
जॅक घे अन् नट आवळ —
पोऱ्यावर उस्ताद ओरडत होता,
अस्सल मराठीत.
वर्गात कुणी काही बोललं नाही.

रात्री वह्या तपासल्या.
मॉंगूसच्या पुढे, अर्थाच्या रकान्यात
बाईंनी काही लिहिलंच नव्हतं,
नुसत्या दोन छोट्या रेघा,
किराणा यादीत देतात तशा :
शेजारचंच.
लाल पेन तसंच धरून बसले.

वहीत फीचं पाकीटही होतं.
दोनशे कमी.
सोबत चिठ्ठी : शुक्रवारी देते.